चित्राआधी चरित्र

१

प्रसिद्ध चित्रकारांवरील ऑनलाइन व्याख्यानांमुळे चित्रकलेच्या आस्वादाचे लोकशाहीकरण झाले, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी करणे हाच अनेकांना उद्धटपणा वाटतो. संग्रहालये, विद्यापीठे आणि स्वतंत्र अभ्यासक यांनी चालवलेली ही व्याख्याने या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हळूहळू रुजली. २०२० साली महासाथीने संग्रहालयांचे दरवाजे बंद केले तेव्हा ती घरोघरी पोहोचली, आणि दरवाजे उघडल्यावरही त्यांचा श्रोतृवर्ग टिकून राहिला. ज्याला आम्सटरडॅम किंवा पॅरिस गाठणे या जन्मी शक्य नाही, अशा माणसाला व्हॅन गॉग, व्हर्मीर, रेम्ब्रां यांची चित्रे घरबसल्या, बहुधा विनामूल्य आणि जाणकाराच्या सोबतीने पाहायला मिळतात. याहून अधिक काय हवे, असा हा युक्तिवाद आहे. त्यामागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न हेतूचा नसून वाटल्या जाणाऱ्या वस्तूचा आहे. जे वाटले जात आहे ते चित्र आहे की चित्रकार?

या व्याख्यानांचा सर्वाधिक रूढ साचा पाहिला तर या प्रश्नाचे उत्तर सुखावह नाही. व्याख्यान चित्रकाराच्या जन्मगावापासून सुरू होते. मग बापाशी न पटणे, धंद्यातले अपयश, दारिद्र्य, प्रेमभंग, आजार आणि समकालीनांची उपेक्षा असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावर एकेक चित्र पडद्यावर झळकते, आणि नुकत्याच सांगितलेल्या प्रसंगाचा पुरावा म्हणून साक्षीदाराप्रमाणे हजेरी लावून निघून जाते. शेवटी मृत्यू येतो आणि मृत्यूनंतरच्या कीर्तीचा, बहुधा लिलावातील किमतीच्या रूपाने, जयघोष होतो. श्रोता हेलावतो. कापलेल्या कानाची हकिकत त्याला ठाऊक होते. परंतु ज्या चित्रांसाठी ही सारी हकिकत सांगितली गेली त्यांतील रंग जाड थरांत दिला आहे की पातळ, क्षितिजरेषा उंच आहे की खाली, कॅनव्हास हातभर आहे की भिंतभर, हे त्याला सांगता येत नाही. त्याने आस्वाद घेतला, यात शंका नाही. पण तो चरित्राचा घेतला.

चित्रकलेच्या या प्रश्नाशी साहित्यसमीक्षेचा संबंध काय, असे विचारले जाण्याचा संभव आहे. संबंध असा की, येथे चित्रावर कुरघोडी करणारी शक्ती साहित्याचीच आहे. कथा, नायक, संघर्ष, शोकान्त ही सारी सामग्री वाङ्मयाच्या कोठारातून आलेली आहे. ज्या चरित्रनिष्ठ समीक्षेला साहित्याच्या क्षेत्रातून मोठ्या प्रयासाने मागे सारण्यात आले, ती आता शेजारच्या घरात मालकीण होऊन बसली आहे. तिला ओळखण्याची जबाबदारी तिला आधी ओळखलेल्यांवर अधिक येते.

२

या साच्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे व्हॅन गॉगचे ‘कावळे असलेले गव्हाचे शेत’ हे चित्र. जुलै १८९० मध्ये फ्रान्समधील ओव्हेर येथे रंगवलेले हे चित्र आज आम्सटरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. त्याची उंची सुमारे ५० सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १०३ सेंटिमीटर. म्हणजे दोन चौरस शेजारी ठेवावेत असा त्याचा आडवा आकार. व्हॅन गॉगवरील लोकप्रिय व्याख्यानांची सांगता या चित्राने करण्याची जणू प्रथाच पडली आहे. काळवंडलेले आकाश, उधळलेले कावळे, शेतात शिरून संपणारी वाट आणि त्यावर वक्त्याचा दाटून आलेला स्वर: हे त्याचे अखेरचे चित्र, यानंतर त्याने स्वतःवर गोळी झाडली.

हे खरे नाही. व्हॅन गॉगने २७ जुलै १८९० रोजी स्वतःवर गोळी झाडली आणि २९ जुलै रोजी तो मरण पावला. हे चित्र त्याआधी रंगवून झालेले होते आणि त्यानंतर त्याने आणखी चित्रे केली, हे खुद्द ते चित्र सांभाळणारे संग्रहालयच सांगत आले आहे. अखेरच्या दिवशी त्याच्या हातात असलेले चित्र बहुधा ‘झाडांची मुळे’ हे होते. थिओचा मेहुणा आंद्रिएस बोंगर याने लिहून ठेवलेली माहिती त्याच चित्राकडे बोट दाखवते, आणि ते अपुरेही राहिले आहे. २०२० साली वाउटर व्हान डर व्हेन या अभ्यासकाने एका जुन्या पोस्टकार्डाच्या आधारे ओव्हेरमधील ती मुळे असलेली जागाही शोधून काढली. परंतु ‘झाडांची मुळे’ हे चित्र शोकान्ताच्या कामाचे नाही. त्यात आकाश नाही, कावळे नाहीत, वाटही नाही. निळ्या, हिरव्या, पिवळसर आकारांची अशी गुंतागुंत त्यात आहे की काय पाहतो आहोत हे उमगायलाच वेळ लागतो. व्याख्यानाला लागणारा पडदा त्यावर पाडता येत नाही. म्हणून पडदा कावळ्यांवरच पडत राहतो. १९३४ सालच्या अर्व्हिंग स्टोनच्या कादंबरीवरून १९५६ साली निघालेल्या चित्रपटाने कावळ्यांचे चित्र थेट आत्महत्येच्या प्रसंगाला जोडून दाखवले होते. आजचा वक्ता इतिहास सांगत असल्याचे मानतो, पण प्रत्यक्षात तो चित्रपटाचा शेवट पुन्हा दाखवत असतो.

या प्रकरणातील उपरोध आणखी खोल आहे. १९७२ साली जॉन बर्जर याने बीबीसीवरील चार भागांच्या मालिकेनंतर निघालेल्या आपल्या छोट्या पुस्तकात नेमक्या याच चित्रावर एक प्रयोग केला होता. एका पानावर हे चित्र छापून त्याने वाचकाला ते क्षणभर पाहायला सांगितले. पान उलटल्यावर तेच चित्र पुन्हा येते, पण आता त्याखाली हे व्हॅन गॉगचे आत्महत्येपूर्वीचे अखेरचे चित्र असल्याचे वाक्य आहे. शब्दांनी चित्र कसे बदलले हे नेमके सांगणे अवघड असले तरी ते बदलले, आणि आता चित्रच त्या वाक्याचे दृष्टान्तचित्र झाले, असे बर्जरने दाखवून दिले. ते वाक्य चुकीचे होते, ही बाब त्याच्या प्रयोगाला बाधक न ठरता उलट पोषकच ठरते. चित्राला आपल्या सेवेस लावण्यासाठी वाक्य खरे असण्याचीही गरज नसते. ते हृदयद्रावक असले की पुरते. बर्जरने जो धोका म्हणून दाखवला, तोच आज अध्यापनाची पद्धत म्हणून रूढ झाला आहे.

३

चरित्राचा आधार घेणाऱ्यांकडे एक प्रबळ उत्तर असते: चित्रकार स्वतःच तसे म्हणतो. व्हॅन गॉगची पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत त्याने आपले दुःख लिहून ठेवले आहे. या उत्तराची तपासणी पत्रावरच करणे योग्य ठरेल. जुलै १८९० मध्ये थिओ आणि त्याची पत्नी यो यांना लिहिलेल्या एका पत्रात, अस्वस्थ आकाशाखाली पसरलेल्या गव्हाच्या विस्तीर्ण शेतांची चित्रे केल्याचे तो कळवतो, आणि त्यांत दुःख व पराकोटीचा एकाकीपणा व्यक्त करण्याचा आपण प्रयत्न केला असे सांगतो. व्याख्यानांत हा भाग हटकून येतो. परंतु पत्र तेथे थांबत नाही. ग्रामीण प्रदेशात आपल्याला जे निरोगी आणि बळ देणारे वाटते, जे शब्दांत सांगता येत नाही, ते हे कॅनव्हास सांगतील, अशा आशयाचा मजकूर त्याला लागूनच येतो. एकाच दमात सांगितलेल्या या दोन गोष्टींपैकी एक ठेवून दुसरी गाळणे ही संक्षेपाची गरज नसून अर्थाची निवड आहे. ज्या चित्रात विषाद आणि उभारी एकत्र नांदतात, त्याला केवळ विषादाचे करून टाकल्यावर उरते ते व्हॅन गॉगचे चित्र नव्हे.

येथे कोणत्याही कलासमीक्षेला लावता येईल अशी एक साधी कसोटी हाती येते. चरित्रातील तपशील चुकीचा निघाला तर विवेचनातील काय शिल्लक राहते? रूढ व्याख्यानाला ही कसोटी लावली तर काहीच राहत नाही. ‘अखेरचे चित्र’ हे शब्द काढून घेतले की कावळे पुन्हा नुसते कावळे होतात आणि वक्त्याजवळ सांगण्यासारखे उरत नाही. याउलट मायर शापिरो याने १९४६ साली याच चित्रावर लिहिलेला निबंध घ्यावा. शापिरोनेही ते चित्र मृत्यूच्या छायेतले मानले होते, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. परंतु त्याचा भर चित्राच्या रचनेवर आहे. सामान्य यथादर्शनात रेषा पाहणाऱ्यापासून दूर जात क्षितिजाकडे एकवटतात. येथे वाटा फाकत जातात, क्षितिजावर एकत्र येण्याचे ठिकाणच नाही, आणि अवकाशाचा ओघ उलट फिरून जणू पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. हे निरीक्षण चित्र १० जुलैचे असो वा २७ जुलैचे, ढळत नाही. ज्याला हे निरीक्षण कळले त्याला चित्रापुढे उभे राहून, अगदी पडद्यापुढे बसूनही, आणखी काही पाहता येते. ज्याला केवळ आत्महत्येची तारीख कळली, त्याला फक्त हळहळता येते.

४

चित्रकाराच्या जीवितकथेची ही सत्ता आजची नाही. १५५० साली जॉर्जो वासारी याने इटालियन कलावंतांची चरित्रे लिहिली, १५६८ साली त्यांची वाढवलेली आवृत्ती काढली, आणि पाश्चात्त्य कलेतिहासाला पहिला घाट चरित्राचाच मिळाला. हाइन्रिख व्योल्फलिन याने १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात नावांविना कलेतिहासाची कल्पना मांडली ती या वारशाविरुद्धचे बंड म्हणूनच. दोन चित्रे शेजारी शेजारी प्रक्षेपित करून केवळ तुलनेतून श्रोत्यांचे डोळे उघडण्याची पद्धत त्याच्या व्याख्यानांमुळे प्रतिष्ठित झाली. कलेतिहासाच्या व्याख्यानाला अशीही परंपरा आहे, याचा विसर पडता कामा नये. एकाच पडद्यावर दहा चित्रे एकत्र मांडण्याची सोय हाती आली, आणि नेमक्या त्याच काळात व्याख्यान तुलनेकडून पुन्हा कहाणीकडे, व्योल्फलिनकडून पुन्हा वासारीकडे वळले.

व्हॅन गॉगच्या बाबतीत ही कहाणी संतचरित्राच्या पातळीला कशी पोहोचली, याचा शोध नाताली एनिश हिने १९९१ साली एका समाजशास्त्रीय ग्रंथात घेतला. उपेक्षित, हुतात्मा झालेला कलावंत, त्याच्या वाट्याला आलेल्या अन्यायाबद्दल समाजाला वाटणारी अपराधभावना, आणि त्याची फेड म्हणून त्याच्या स्थळांच्या यात्रा व त्याच्या चित्रांना मोजलेल्या किमती, असा या श्रद्धेचा आकृतिबंध तिने उलगडला. ऑनलाइन व्याख्यान या श्रद्धेचे नवे कीर्तन आहे, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. फरक इतकाच की कीर्तनकार आपण आख्यान लावले आहे हे लपवत नाही. हयातीत त्याचे एकच चित्र विकले गेले, हे या आख्यानाचे पालुपद. ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात १८९० साली ॲना बॉक हिने ‘तांबडा द्राक्षमळा’ ४०० फ्रँकला घेतले, ही घटना खरी. पण १८८२ साली काकाने त्याच्याकडून मोबदला देऊन हेग शहराची रेखाटने करून घेतली होती आणि जानेवारी १८९० मध्ये आल्बेर ओरिए याने त्याच्यावर गौरवपर लेख लिहिला होता, या गोष्टी पालुपदात बसत नाहीत म्हणून गळतात.

रोलाँ बार्थ याने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली तेव्हा, कलाकृतीचा अर्थ कर्त्याच्या आयुष्यात शोधण्याच्या सवयीचे उदाहरण देताना बोदलेअर आणि चायकोव्हस्की यांच्या जोडीला त्याने व्हॅन गॉगचे वेडच घेतले होते. त्याआधी १९४६ साली विम्सॅट आणि बियर्डस्ली यांनी कर्त्याच्या हेतूला निकष मानण्यातील दोष दाखवला होता. मराठीत मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या भूमीवर उभा केला, तो कलाकृतीबाहेरील मोजमापांना बाहेर ठेवण्यासाठीच. या वादांवर वाढलेला मराठी वाचक कवितेबद्दल बोलताना कवीच्या खासगी आयुष्यातून अर्थ काढणाऱ्याला सहज अडवतो. तोच वाचक संध्याकाळी चित्रकारावरील व्याख्यान ऐकताना मात्र ही सावधगिरी बाजूला ठेवतो. कवितेच्या संहितेला जी स्वायत्तता तो आग्रहाने देतो ती चित्राला नाकारतो, आणि आपण काही नाकारतो आहोत याची त्याला जाणीवही नसते. चित्र ही वाचायची नव्हे तर हळहळायची वस्तू आहे, असे त्याने नकळत मानलेले असते.

५

याचा अर्थ शुद्ध आकारवादाकडे परत जावे असा नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त १९७४ साली कलेच्या संकल्पनेची द्विध्रुवात्मकता मांडली आणि लौकिक जीवनाशी असलेले कलेचे नाते एका फटक्यात तोडता येत नाही हे दाखवून दिले. ते मान्य करूनच प्रश्न असा विचारला पाहिजे की, चित्राच्या लौकिकतेचा सर्वांत दरिद्री भाग तेवढाच व्याख्यानाने का उचलावा? चित्रकाराचे अश्रू लौकिक असतील, तर रंगाची नळीही लौकिकच आहे.

‘शयनगृह’ या चित्राचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. व्हॅन गॉगने ते ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्ल येथे रंगवले. पुढल्या वर्षी त्याने त्याच्या आणखी दोन आवृत्त्या केल्या. आज तीन चित्रे आम्सटरडॅम, शिकागो आणि पॅरिस अशा तीन शहरांत आहेत. पडद्यावर दिसणाऱ्या त्या निळ्या भिंतींत एकाकीपणाचा गारठा शोधणाऱ्या वक्त्याला एक गोष्ट विचारता येईल: भिंती निळ्या होत्या का? पत्रात व्हॅन गॉग त्या फिकट जांभळ्या असल्याचे लिहितो, आणि चित्राच्या रासायनिक तपासणीनेही त्यास दुजोरा दिला आहे. जांभळ्यातील तांबडे रंगद्रव्य प्रकाशाने उडून गेले आणि निळे मागे राहिले. त्या काळी बाजारात आलेले काही भडक तांबडे रंग टिकाऊ नव्हते, हे चित्रकारालाही ठाऊक होते. शिवाय या खोलीतून त्याला विश्रांतीची भावना सुचवायची होती, असे त्याच पत्रांत आहे. म्हणजे वक्ता ज्याला चित्रकाराच्या मनाचा रंग म्हणतो, तो रंगद्रव्याच्या क्षयाचा रंग आहे. ही हकिकत कोणत्याही प्रेमभंगापेक्षा कमी नाट्यमय नाही. पण ती सांगायची तर चित्राकडे पदार्थ म्हणून पाहावे लागते.

पदार्थ म्हणून पाहण्यात पडद्याची मूलभूत अडचण आकारमानाची आहे. रेम्ब्रांचे ‘रात्रीचा पहारा’ हे चित्र सुमारे ३८० सेंटिमीटर उंच आणि ४५० सेंटिमीटरहून अधिक रुंद. व्हर्मीरची ‘लेस विणणारी’ मात्र सुमारे २४ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दोन्ही तळहाताएवढी होतात. एकापुढे पाहणाऱ्याचे शरीर लहान होते, दुसऱ्याकडे त्याला वाकावे लागते. हा शरीराचा अनुभव चित्राच्या अर्थाचाच भाग आहे. वॉल्टर बेन्यामिन याने १९३६ साली मूळ कृतीभोवतीचे वलय यांत्रिक पुनरुत्पादनाने विरत असल्याचे म्हटले, त्याला जवळजवळ नव्वद वर्षे झाली. तेव्हा त्या वलयासाठी अश्रू ढाळण्यात आता अर्थ नाही. परंतु लांबी-रुंदी सांगण्याला वलय लागत नाही, एक वाक्य लागते. ते वाक्यही रूढ व्याख्यानात दुर्मीळ असावे, यात माध्यमाचा दोष नाही.

दोष व्याख्यानाच्या घाटात आहे. लेसिंगने १७६६ साली काव्य ही कालात उलगडणारी आणि चित्र ही अवकाशात एकाच वेळी उपस्थित असणारी कला, असा भेद केला. त्या भेदाला पुढे अनेकांनी मुरड घातली असली तरी व्याख्यानाच्या बाबतीत तो अजून उपयोगी आहे. व्याख्यान कालात चालते. त्याला पुढे काय झाले हे सांगावे लागते. चित्रात पुढे काहीच होत नाही. म्हणून व्याख्यान चित्राचे स्थिर अस्तित्व सोडून चित्रकाराच्या चालत्या आयुष्याला धरते. श्रोत्याचे लक्ष टिकवण्याच्या दडपणाखाली ही ओढ अधिकच तीव्र होते. चित्रावर दोन मिनिटे न बोलता थांबणे हे त्या घाटाला परवडत नाही. आणि चित्र पाहण्याची सुरुवात तर त्या दोन मिनिटांतच होते.

६

हा दोष केवळ लोकप्रियतेच्या हव्यासातून येतो असे समजून विद्वानांनी निश्चिंत राहू नये. व्हॅन गॉगच्या १८८६ सालच्या ‘जोडे’ या चित्राभोवती झालेला वाद या बाबतीत डोळे उघडणारा आहे. हायडेगरने त्या जोड्यांत शेतकरी स्त्रीचे सारे जग पाहिले: तिचे कष्ट, तिची माती, तिची भाकरीची चिंता. १९६८ साली शापिरोने त्याला हरकत घेतली आणि ते जोडे शेतकरणीचे नसून शहरात राहणाऱ्या खुद्द चित्रकाराचे आहेत, असे प्रतिपादन केले. १९७८ साली देरिदाने दोघांनाही एकाच पिंजऱ्यात उभे केले: दोघांनाही ते जोडे कुणाच्या तरी पायांत घालायची घाई झाली आहे; पण ती एक जोडी आहे, हे तरी कशावरून? ज्या शापिरोने गव्हाच्या शेतात रचना पाहिली, तोच जोड्यांपाशी मालकीच्या शोधात गुंतला. चित्रातील वस्तूला मालक हवा, चित्राला नायक हवा, ही भूक एवढी प्रबळ आहे. सामान्य वक्त्याचा दोष एवढाच की ज्या ठिकाणी विद्वानही घसरतात त्या ठिकाणी त्याने आपले घर बांधले आहे.

७

या टीकेवरील सर्वांत गंभीर आक्षेप लोकशाहीच्या नावाने येतो. ज्यांना संग्रहालये जवळ आहेत त्यांनी पडद्याला नाके मुरडावीत हे सोपे आहे. ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्या तोंडचा घास काढून घेण्याचा हा अभिजनांचा खटाटोप आहे. आणि चरित्राच्या गोडीने का होईना, माणूस चित्रापर्यंत येतो, हे काय कमी?

या आक्षेपाचे उत्तर त्याच्याच गृहीतकातून द्यावे लागते. ज्याला पडद्यावाचून दुसरा मार्ग नाही, त्याच्यासाठी व्याख्यान ही पायरी नसून मुक्काम आहे. आम्सटरडॅमला जाणारा माणूस वक्त्याने सांगितलेले तेथे चित्रासमोर विसरू शकतो, पारखू शकतो, खोडून काढू शकतो. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या घरात बसलेल्या श्रोत्याला ही दुरुस्ती उपलब्ध नाही. त्याला जे दिले जाईल तेच त्याचे चित्र. अशा श्रोत्याला चित्राऐवजी चित्राची गोष्ट देणे आणि त्याला तेवढेच झेपते असे मानणे, हाच खरा अभिजनवाद आहे. लोकशाही म्हणजे सर्वांना पाहण्याचा अधिकार. पाहून झालेल्यांनी सर्वांच्या वतीने हळहळणे नव्हे.

पुनरुत्पादनानेच पाहणे संपते, असेही नाही. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली होती. त्यांच्या कलागुणांविषयी काहीही मत असो, ती रोज पाहिली गेली. त्यांतील लक्ष्मीच्या लुगड्याचा रंग न पाहता सांगता येईल अशी माणसे घरोघर होती. त्या चित्रांसोबत व्याख्यान नव्हते, वेळ होता.

आणि नव्या माध्यमाने दिलेले सारेच चरित्राच्या वाट्याला गेले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बेथ हॅरिस आणि स्टीव्हन झुकर यांनी २००५ साली सुरू केलेल्या ‘स्मार्टहिस्टरी’ या उपक्रमात दोन अभ्यासक चित्राविषयी एकमेकांशी पूर्वलिखित संहितेविना बोलतात. एकाला दिसलेले दुसरा पुन्हा तपासतो, आणि संभाषणाच्या या घाटामुळे चित्र केंद्रस्थानी राहते. २००९ साली व्हॅन गॉगच्या पत्रव्यवहाराची ९०२ पत्रांची सटीप आवृत्ती जालावर सर्वांसाठी खुली झाली. गाळलेला अर्धा परिच्छेद आता कुणालाही वाचता येतो. २०२२ साली आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने ‘रात्रीचा पहारा’ची ७१७ अब्ज चित्रबिंदूंची प्रतिमा प्रसिद्ध केली. तीत रंगाच्या थराला गेलेल्या भेगा मोजता येतात. दोरीपलीकडे उभ्या राहणाऱ्या प्रत्यक्ष प्रेक्षकालाही हे भाग्य लाभत नाही. साधने हाताशी असताना साचा जुनाच राहावा, याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही.

८

म्हणून समीक्षेने या व्याख्यानांकडे शिक्षणाचे निरुपद्रवी साहित्य म्हणून पाहणे सोडले पाहिजे. ही समीक्षाच आहे. आणि आजच्या घडीला बहुसंख्य माणसांना भेटणारी चित्रसमीक्षा बहुधा हीच आहे. ग्रंथाला जे प्रश्न विचारले जातात ते तिला विचारले गेले पाहिजेत. चित्र आधी दाखवले की चरित्र? आकारमान, माध्यम, रंगद्रव्याची आजची अवस्था सांगितली का? पत्र उद्धृत केले ते पूर्ण की सोयीपुरते? दुसरे चित्र शेजारी ठेवले का? आणि शेवटी, आयुष्यातील एक तारीख चुकीची निघाली तर या व्याख्यानातील काय उरेल?

ज्याला असे पाहायला शिकवले जाईल, त्याच्यासाठी पडदा बंद झाल्यावरही काही शिल्लक राहील. तो औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रापुढे उभा राहील तेव्हा, किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेल्या युरोपीय चित्रांपाशी थांबेल तेव्हा, चित्रकाराचे चरित्र ठाऊक नसल्याची त्याला अडचण वाटणार नाही. ज्याला केवळ कहाण्या शिकवल्या, तो मात्र तेथे नावाची पाटी वाचील, ओळखीची गोष्ट आठवत नाही म्हणून पुढे सरकेल, आणि आपण त्या चित्रापुढून न पाहताच गेलो हे त्याच्या ध्यानीही येणार नाही.